परग्रहावरची गस्त

चूक माझी होती. हे वाक्य मी घरात अजून तोंडाबाहेर काढलेलं नाही. इथे काढतो, कारण घरातलं कोणी हे वाचणार नाही. बायकोला वेळ नाही आणि बाबा पेपरात दोनच गोष्टी वाचतात, कोण गेलं आणि वाघ कुठे दिसला.

चामोर्शीला माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. जातीचा दाखला, सातबारा, रेशनकार्डाची केवायसी, शिष्यवृत्तीचे अर्ज. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दारात गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाकडं. भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'वाचल्याशिवाय ओके दाबू नये.' ही पाटी मी लोकांच्या भल्यासाठी लावली होती. तिच्याकडे बघितलं की आता मला स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

बाबा वनरक्षक म्हणून निवृत्त झाले. म्हणजे खात्याने त्यांना सोडलं, त्यांनी खात्याला सोडलं नाही. रोज सकाळी काठी घेऊन जंगलात एक चक्कर. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा दर रविवारी मी त्यांना गाडीवर बसवून न्यायला लागलो. त्या रस्त्यावर, जिथे शेतं संपून झाडं सुरू होतात, तिथे एका झाडाखाली गोट्यांचा ढीग आहे. जंगलात शिरणारा माणूस एक गोटा उचलतो, ढिगावर ठेवतो आणि पुढे जातो. कोणाचा ढीग, कधीपासूनचा, कोणाला ठाऊक नाही. बाबांना तिथे उतरायचंच असे.

"बाबा, गाडीवाल्याले माफ असते," मी म्हणायचो.

"कोनं माफ केलं? तू?"

मग तो दुखरा गुडघा सांभाळत ते उतरणार, रस्त्याकडेला मनासारखा गोटा शोधणार, ठेवणार, हात झटकणार, परत चढणार. तेवढा वेळ मी गाडी बंद न करता नुसता एक्सलेटर पिळत बसायचो, घुर्र घुर्र. त्यांना कळावं की मुलगा कंटाळला आहे. कळत होतं. पण त्यामुळे एकही गोटा लवकर सापडला नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्या ढिगाच्या थोडं पुढे मोहफुलं वेचणाऱ्या एका बाईला वाघाने नेलं. त्या संध्याकाळी मी अंगणात उभा राहून फर्मान काढलं की यापुढे जंगल बंद. हळू बोलता आलं असतं. पण मला भीती वाटली की आवाज चढतो, आणि चढला की तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही पुरतो. बाबा एवढंच म्हणाले, "वाघ माह्या अगोदरचा हाये तिथी." मग मी त्यांची काठी उचलून कपाटावर लपवली. बाबा माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत. काठी त्यांना उभ्या जागेवरून दिसत होती. त्यांनी ती काढली, माझ्याकडे पाहिलं आणि जंगलात न जाता माझ्या दुकानात आले.

तेव्हापासून रोज सकाळी दहा ते पाच बाकड्यावर. दाखल्यासाठी फोटो आणणाऱ्याला सांगणार, "ह्या फोटोत तू वांदरावानी दिसून राह्यला." अर्ज भरणाऱ्या म्हातारीला सांगणार, "कायले भरते बाई, याचा सर्व्हर तर मरून पडला हाये." सर्व्हर खरंच मेलेला असायचा, त्यामुळे राग जास्त यायचा.

अशाच एका मेलेल्या दुपारी मला तो गेम सापडला होता. डाउनलोड नाही, काही नाही, ब्राउझरमध्येच उघडतो. एक छोटासा माणूस आभाळातून एका परक्या ग्रहावर पडतो आणि मग त्याने चालायचं, उड्या मारायच्या, दगड ढकलायचे, कोडी सोडवून दरवाजे उघडायचे. निळी झाडं, जांभळं गवत, सहा पायांची जनावरं. मी चार दिवस खेळलो. त्या बिचाऱ्याला मी एकाच खड्ड्यात इतक्यांदा पाडलं की त्याने माझ्यावर केस करायला हवी होती. शेवटी 'असले भिकार गेम काढते कोन' म्हणत मी माउस आपटला. माउस मोडला. गेमला काही झालं नाही.

तर बाबांना बाकड्यावरून उठवायचं म्हणून मी त्यांना जुन्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. "बाबा, हे पाहा. जंगलच हाये. इथी वाघ नाई."

ते बसले, चष्मा पुसला, आणि पहिला दिवसभर त्यांचा माणूस जागचा हललाच नाही.

"बटन दाबा ना बाबा. चालत काऊन नाई?"

"वारा कोनीकडून हाये ते पाहून राह्यलो."

मी हसलो. गिऱ्हाइकंही हसली. दुसऱ्या दिवशी ते सात पावलं चालले. तिसऱ्या दिवशी एका सहापायी जनावराच्या मागे मागे गेले, कारण त्यांच्या मते ते पाण्यावर निघालं होतं. ते खरंच पाण्यावर गेलं आणि पाण्यामागे एक बोगदा निघाला, जो मला चार दिवसांत दिसला नव्हता. माझा खड्डा त्या बोगद्यावरच होता. उडी मारायचीच नव्हती तिथे. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी चहा घेतला नाही.

ते खेळत नव्हते, गस्त घालत होते. नोकरीत रोज गस्तीची डायरी लिहायची सवय. इथेही माझ्या खराब झालेल्या प्रिंटांच्या पाठीमागे बॉलपेनने नोंदी सुरू झाल्या. ग्रहावर चमकणारे खडे पडलेले असतात, ते गोळा करायचे असतात. बाबांनी एकही उचलला नाही. "दुसऱ्याच्या रानातलं आपन नाई उचलत." कोपऱ्यात गोळा केलेल्या खड्यांचा आकडा महिनाभर शून्यच राहिला आणि बाबा मात्र एकेक प्रदेश ओलांडत पुढे. मधूनच मला हाक मारायचे, "अबे, इकडं ये. पाह्य." मी म्हणायचो, "थांबा बाबा, गिऱ्हाईक हाये." गिऱ्हाईक नेहमीच असायचं. नसलं तरी मी असल्यासारखा बसायचो.

असे दोन महिने गेले. बाकडं मोकळं झालं, मी खूश होतो.

मग तो सोमवार. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख. दुकानात उभं राहायला जागा नाही आणि पोर्टल फिरून राह्यलं गोल गोल. एक बाप माझ्या टेबलावर हात आपटत होता, "तुमी म्हनलं होतं भाऊ, दोन मिनिटांत होते!" मी म्हटलं होतंच तसं. आमच्या धंद्यात अशा वेळी एक अंगारा असतो, ब्राउझरमधलं सगळं जुनं साफ करायचं. एक खूण करायची, पुसायचं, पुन्हा उघडायचं. रागावलेला माणूस एका खुणेच्या जागी पाच करतो. मी सगळ्याच चौकोनांत खुणा केल्या, 'आजवरचं सगळं' निवडलं, आणि एका कॉम्प्युटरवर भागलं नाही म्हणून बाबांच्या जुन्यावरही तेच केलं. बाबा जेवायला घरी गेले होते. पडद्यावर इंग्रजीत तीन ओळी आल्या. वाचल्या नाहीत. माझ्या पाटीखाली बसून मी ओके दाबलं.

पोर्टल तरीही उघडलं नाही. हे मला आजही सहन होत नाही.

बाबा जेवून आले, बसले. त्यांचा माणूस आभाळातून खाली पडला. पहिल्या दिवसासारखा. बाबा पडद्याजवळ वाकले.

"हा पुन्हा काऊन पडला?"

गेमची सगळी वाटचाल त्या ब्राउझरमध्येच साठलेली असते, हे तोवर माझ्या टाळक्यात आलं होतं. खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "बनवनाऱ्यायनं बदल केला असन बाबा. त्यायचं काही खरं नसते."

"तुहे कान लाल झाले," बाबा म्हणाले.

खोटं बोललो की माझे कान लाल होतात. हे ऐकायला दुकानभर माणसं होती. बाबांनी डायरीचे कागद जुळवले, माझ्या टेबलावर ठेवले, काठी घेतली आणि बाकड्यावर जाऊन बसले. मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि बरं झालं असतं. पण ते माझ्याशी बोलायचेच थांबले. घरी मी समोर बसलेला असताना बायकोला सांगणार, "त्याले म्हना, मीठ सरकव." मी मीठ सरकवायचो. "त्याले म्हना, लय सरकवलं."

तीन-चार दिवस मी पण तणतणत होतो. अरे, गेम आहे! लहान पोरांचा खेळ! सत्तरीतला माणूस परग्रहासाठी रुसतो? बायकोला मी हे ऐकवत होतो तेव्हा ती भाकरी थापत होती. ती पोंभुर्ण्याकडची आहे, कमी बोलते आणि वर्मावर बोलते.

"तुमीच म्हनलं होतं ना त्यायले, हे जंगलच हाये म्हनून? मंग आता एक जंगल बंद केलं अन् एक पुसून टाकलं."

"मी मुद्दाम पुसलं काय?"

"पयलं तर मुद्दाम बंद केलं ना."

मी ताट ढकलून उठलो. रागात दुकानात गेलो आणि रागातच त्यांचे कागद उघडले. ते असे होते :

'येनाच्या झाडापासून उजवीकडे. दोन जनावरे, मोठे व पिल्लू. मोठ्याचा मागील पाय दुखावलेला असावा. पाणवठा हिरवा. पिऊ नये.'

'धावड्याखाली थांबलो. कोणी नाही. शांत.'

आणि शेवटच्या पानावर : 'पुलापलीकडे मोठी दरी. पाहण्यासारखी. मुलास दाखविणे.'

खाली त्याच सोमवारची तारीख होती. त्या सकाळीही त्यांनी मला हाक मारली होती. "अबे, इकडं ये." मी कोणाच्या तरी रेशनकार्डात तोंड घालून बसलो होतो.

मग मी ठरवलं की गेममधला तो माणूस त्या पुलापर्यंत मीच परत नेऊन उभा करीन. दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढायचं, समोर कागद ठेवायचे आणि निघायचं. बाबा बाकड्यावरून सगळं बघत होते, पण तोंड बंद.

पहिल्याच ओळीला मी मेलो. 'येनाच्या झाडापासून उजवीकडे.' परग्रहावर येन कुठून आला? सगळीच झाडं निळी. बाबांनी त्या सगळ्या परक्या झाडांना इथलीच नावं देऊन टाकली होती, आणि वनरक्षकाच्या पोटी जन्मलेल्या मला येन कोणता, धावडा कोणता, ते ओळखता येत नव्हतं. लहानपणी ते सांगायला लागले की मी पुढे पळायचो. आता मी एका निळ्या झाडापासून उजवीकडे वळायचो आणि खड्ड्यात. दुसऱ्यापासून वळायचो, पुन्हा खड्ड्यात. बाकड्यावरून खोकला यायचा. तो खोकला नव्हता.

शेवटी बायकोला बोलावलं. तिने डबा टेबलावर ठेवला, पडद्याकडे वाकून पाहिलं.

"हे येन. साल पाहा ना, मगरीच्या पाठीवानी भेगा. अन् हे गुयगुयीत हाये ते धावडा. त्यात काय हाये एवढं?"

"निळं हाये ते!"

"निळं असलं म्हनून काय झालं? मामाजीनं बरोबर लिहून ठेवलं." आणि बाकड्याकडे बघून मोठ्याने, "बरोबर ना मामाजी?"

बाकड्याने मान हलवली. माझ्याकडे न बघता.

असा बायकोचा हात धरून मी त्या ग्रहावर बारा दिवस चाललो. गिऱ्हाइकं शटरखालून वाकून विचारायची, "भाऊ, दाखला?" मी खेकसायचो, "उद्या!" प्रत्येक उडीला त्या गेम बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या काढल्या. पुलाच्या आधी एक अरुंद खिंड लागते, तिथे मात्र कायमचा अडकलो. दगडी दार बंद, दाराशी दगडांचा ढीग, आजूबाजूला सुटे दगड. बाबांच्या डायरीत त्या जागेवर एवढंच, 'खिंड ओलांडली.' कशी ओलांडली? मी ढिगातले दगड एकेक करून ओढून बाजूला काढले. दार उघडेना. ढिगावर चढून उड्या मारल्या. सगळा ढीग विस्कटून टाकला. सगळा! तरी नाही. तीन दुपारी त्यात गेल्या. शेवटी मी उभा राहिलो आणि प्लास्टिकच्या खुर्चीला लाथ घातली. ती प्रिंटरवर जाऊन पडली.

"अरे आग लागो या ग्रहाले! कुठी काही वाटच नाई!"

"गोटा ठेव."

एकवीस दिवसांनी तो आवाज थेट माझ्याशी बोलला. मी वळलो. बाबा उभे होते. कान त्यांचेही लाल झालेले. आमच्या घराण्यात रागानेही होतात.

"काय?"

"गोटा ठेव म्हनतो मी! तीन दिवस झाले पाहून राह्यलो, उपटूनच राह्यला, उपटूनच राह्यला! रानात शिराचं त ढिगावर गोटा ठेवते मानूस, का असलेला उपटते? किती वर्षं त्या ढिगाजवळ गाडी घुर्र घुर्र करत बसला, एकदा तरी खाली उतरला काय बे?"

मी उतरलो नव्हतो. मी खिंड पुन्हा सुरुवातीपासून उघडली, तसा गेमने ढीग पहिल्यासारखा लावून ठेवला. मी मुकाट्याने एक सुटा दगड ढकलत आणला आणि वर चढवला. दार सरकलं. पलीकडे पूल होता. माझा माणूस आनंदाने पुलावर धावला, समोरचं चित्र उघडायला लागलं, आणि पडद्यावर बाबांचा पंजा आला. सगळी बोटं पसरून त्यांनी अर्धा पडदा झाकला.

"थांब. पाहू नोको."

"काऊन?"

"ते मी दाखवनार होतो तुले."

"मंग दाखवा ना बाबा! हात काढा, दाखवा!"

"असं नाई. हे तू आला, तुह्या पायानं. अर्धा बायकोच्या. मी कुठी आलो?" त्यांनी हात तसाच ठेवला. "मिटव हे. पुसून टाक सारं."

"बाबा, बारा दिवस गेले माहे!"

"माहे दोन महिने मिटवले, तवा विचारलं होतं काय? वरून म्हने, बनवनाऱ्यायनं बदल केला."

मी आवाज चढवला. काय काय बोललो ते लिहीत नाही, शटरबाहेर उभ्या असलेल्या चार माणसांना पाठ आहे. बाबा ऐकत राहिले. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "नाईतर एक कर. मिटवू नोको. रविवारी गाडी काढ. ढिगापर्यंतच. एक गोटा ठेवतो अन् वापस. पुढं नाई जात."

माझ्या डोळ्यांपुढे रस्त्यावरचा तो ढीग आला. त्याच्या पुढचं वळणही दिसलं. ती बाई ढिगापासून फार लांब गेली नव्हती. आणि बाबा ढिगावरून परत फिरणाऱ्यांतले नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्यांचा पंजा अजून पडद्यावर होता. मी माउस घेतला, साफ करायची तीच यादी उघडली, चौकोनांत खुणा केल्या. पुन्हा त्या इंग्रजी तीन ओळी आल्या. या वेळी वाचल्या. स्वच्छ लिहिलंय की हे परत मिळणार नाही. मी ओके दाबलं.

"भित्रा हायेस," बाबा म्हणाले.

"हाव, हाये," मी ओरडलो. "अन् त्या दिवशी पुसलं तेही मीच. झालं?"

"ते त तुह्या कानानंच सांगतलं होतं. सरक."

त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं. आभाळातून माणूस पडला. बाबांनी चष्मा पुसला. शटरबाहेरचा एक जण म्हणाला, "काका, माहा दाखला तरी काढू द्या." बाबांनी मागे न बघता हात वर केला, "थांब ना बावा, वारा पाहून राह्यलो." मी त्यांच्या मागे उभा, घामाने भिजलेला, बारा दिवस आणि एक प्रिंटर गमावून बसलेला.

आता हाक आली की गिऱ्हाइकाला तसंच सोडून मला जावं लागतं. जातो, पण तणतणत जातो. दरी मी अजून पाहिलेली नाही, बाबा आत्ता कुठे त्या हिरव्या पाणवठ्याशी पोचलेत. रविवार आला की ते गाडीकडे बघतात आणि मी दुसरीकडे बघतो. ते भांडण मिटलेलं नाही, मिटेलसं दिसत नाही.

काल ते चहाला उठले तेव्हा मी कागद उचलून ताजी नोंद वाचली. वाचून पुन्हा डोक्यात राग गेला, पण कागद होता तसाच ठेवला.

'पाणवठ्यावर अर्धा तास. मुलगा सोबत होता. फार बडबड करतो. जनावर पळाले.'